माणसांनंतरचा दिवस

पत्राचा सारांश: पत्रलेखिका 36 वर्षांच्या आहेत. नोकरीत त्यांचे रोजचे पाच-सहा तास बैठका आणि व्हिडिओ कॉल यांत जातात. घरी पती आणि सात वर्षांची मुलगी आहे. पतींना माणसांची भारी हौस, त्यामुळे सुटीच्या दिवशी कोणाकडे तरी जाणे किंवा कोणीतरी येणे ठरलेलेच असते. मागच्या महिन्यात जुन्या मित्रमैत्रिणींच्या दिवसभराच्या संमेलनाहून परतल्यावर त्या न्हाणीघरात गेल्या आणि दिवा न लावता अर्धा तास जमिनीवर बसून राहिल्या. नळातून गळणाऱ्या थेंबांचा आवाजही त्यांना सहन होईना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत त्या अंथरुणात मोबाइल पाहत पडून होत्या, पण उठल्यावर थकवा उलट वाढलेला होता. मुलगी काढलेले चित्र दाखवायला आली तेव्हा त्या तिच्यावर ओरडल्या. त्या लिहितात, "संमेलनात मी मनापासून हसले होते. मग घरी आल्यावर असे का व्हावे? मी तिथे नाटक करत होते का? एक मैत्रीण मला गमतीने माणूसघाणी म्हणते, ते आता खरे वाटू लागले आहे. पुढच्या महिन्यात ऑफिसची तीन दिवसांची निवासी कार्यशाळा आहे आणि आजारी असल्याचे सांगून ती टाळावी, असे सारखे मनात येते. स्वतःला सुधारण्यासाठी जबरदस्तीने माणसांत मिसळावे, की आपला स्वभाव ओळखून दूरच राहावे?"

स. न. वि. वि.

तुमचे पत्र वाचून संपल्यावर माझ्या मनात राहिले ते नळाचे थेंब. ज्या कानांनी दिवसभर एवढ्या माणसांचा गलका ऐकून घेतला, त्यांना बंद खोलीतला थेंबांचा आवाज जड व्हावा, हे वरवर विचित्र वाटते. पण तुमच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला त्यातच दिसते. माणूसघाण्या माणसाला माणसे नकोशी होतात. तुम्हाला त्या रात्री थेंबही नकोसा झाला होता, आणि थेंबाशी कोणाचे वैर नसते. तुमच्या मैत्रिणीने दिलेले विशेषण आपण इथेच बाजूला ठेवू या, कारण ते एकदा स्वतःला चिकटवले की पुढचा सगळा विचार स्वभावाच्या दोषाकडे वळतो आणि साधा थकवा थकवा म्हणून पाहायचा राहून जातो.

तुमच्या प्रश्नामागे एक गृहीतक आहे: मला खरोखर आनंद झाला असता, तर मी थकले नसते, मी थकले, म्हणजे तो आनंद खोटा होता. हे तर्काला धरून वाटते, पण डोंगर चढून आलेल्या माणसाचे पाय दुसऱ्या दिवशी दुखले, तर त्याला डोंगर आवडतच नाहीत असे आपण म्हणत नाही. माणसांच्या बाबतीत मात्र हा हिशेब आपण सहज करून टाकतो. 2017 मध्ये सॉइंटू लेइकास आणि विले-युहानी इल्मारिनेन या फिनलंडच्या दोन संशोधकांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांनी 48 विद्यार्थ्यांकडून 12 दिवस, दिवसातून पाच वेळा, आत्ता तुम्ही काय करत होता आणि कसे वाटते आहे याच्या नोंदी घेतल्या. लोकांमध्ये मोकळेपणाने बोलणे-वागणे झाले की त्या वेळी मन प्रसन्न असे. पण साधारण तीन तासांनी पाहिले तर तीच माणसे अधिक थकलेली आढळली. मुळात मोकळ्या स्वभावाची आणि मुळात अबोल, अशा दोघांच्याही बाबतीत हे घडत होते. अभ्यास लहान आहे, त्यावर मोठी इमारत उभी करू नये. तरी प्रसन्नता आणि थकवा एकाच घटनेच्या पोटी जन्माला येऊ शकतात आणि थकवा उशिरा पोचतो, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे. तुमचे हसणे खरे होते आणि न्हाणीघरातला अंधारही खरा होता. दोन्हींच्या मध्ये काही तास गेले, म्हणून ती दोन वेगळ्या बायकांची कहाणी वाटते.

आता बोलण्यात एवढे थकण्यासारखे काय असते, ते पाहू. आपण संभाषणाला बसल्याजागी चाललेली करमणूक समजतो. पण भाषाशास्त्रज्ञांनी संभाषणे मोजून पाहिली आहेत. 2009 मध्ये दहा भाषांची तुलना करणाऱ्या एका अभ्यासात असे दिसले की एकाचे बोलणे संपणे आणि दुसऱ्याने सुरू करणे यांतले अंतर सर्वत्र फार थोडे असते. सरासरी साधारण 200 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग. दुसरीकडे, एखाद्या चित्राकडे पाहून त्याचे नाव नुसते उच्चारायलाही माणसाला साधारण 600 मिलिसेकंद लागतात. याचा अर्थ असा की समोरचा बोलत असतानाच आपण त्याचे ऐकत असतो, त्याचे वाक्य कुठे संपणार याचा अंदाज बांधत असतो आणि आपले वाक्य जुळवतही असतो. हे तिन्ही एकाच वेळी आणि दिवसभर. दोघांच्या बोलण्यात निदान हे ओझे आलटून पालटून वाटले जाते. सात-आठ जणांच्या कोंडाळ्यात मात्र आपली पाळी कधी येईल, कोणाचा विनोद कोणाला लागला, कोपऱ्यात कोण एकटे पडले आहे, हेही पाहावे लागते, आणि काहींना ते फारच दिसते. पत्रावरून तुम्ही त्यांतल्या असाव्यात, असा माझा अंदाज आहे.

त्यात गोंगाटाची भर पडते. एकाच वेळी अनेक जण बोलत असताना आपण त्यांतल्या एकाचेच बोलणे कसे ऐकतो, या प्रश्नावर कॉलिन चेरी यांनी 1953 मध्ये प्रयोग केले आणि तेव्हापासून त्या कौशल्याचा अभ्यास सुरू आहे. कान सगळेच आत घेतात. निवड मेंदूला करावी लागते आणि ती त्याला क्षणोक्षणी करत राहावी लागते. शिवाय आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचाही आवाज चढवतो, हे फ्रान्समधले कान-नाक-घशाचे डॉक्टर एतिएन लोंबार्ड यांनी 1911 मध्येच नोंदवले होते. तुम्ही चढवता म्हणून शेजारचा चढवतो, तो चढवतो म्हणून पलीकडचा, आणि तासाभरात सगळी खोली ओरडून बोलत असते. रात्री घसा बसलेला असतो आणि आपण दोष हवामानाला देतो.

तिसरी गोष्ट नाटकाची. तुम्ही नाटक करता का, तर हो, थोडेसे करता, आणि मीही करते. कंटाळा आलेला असताना उत्सुक दिसणे, दुखावले गेल्यावर हसून घेणे, तीच हकीकत तिसऱ्यांदा ऐकताना "अगंबाई, मग?" म्हणणे, याला आपल्याकडे कोणी नाटक म्हणत नाही, रीत म्हणतात. समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉकशील्ड यांनी 1983 मध्ये विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या कामाचा अभ्यास मांडताना चेहऱ्यावरचे हसू टिकवण्यालाही श्रम म्हटले होते. त्यांचा मुद्दा पगारी नोकरीपुरता होता, घरगुती मैफिलींना तो जसाच्या तसा लावणे बरोबर नाही. पण हसू टिकवावे लागते आणि टिकवण्यात काहीतरी खर्च होते, एवढे आपल्याला कळते.

हे सगळे सांगण्यामागे माझा एक हेतू आहे. हल्ली 'सोशल बॅटरी संपली' असे म्हणण्याची पद्धत पडली आहे. शब्द सुटसुटीत आहे, पण मला तो फारसा आवडत नाही. बॅटरी एकच असते आणि ती कशानेही उतरली तरी एकाच तारेने भरते. माणसाचे तसे नसते. गोंगाटाचा थकवा वेगळा, सतत बोलण्याचा वेगळा आणि चेहरा सांभाळण्याचा त्याहून वेगळा. त्यांच्यावरचा उताराही एक नव्हे. गोंगाटाने थकलेल्या माणसाला शांत खोली आणि मंद उजेड मिळाला की तास-दीड तासात बरे वाटू लागते. बोलून थकलेल्याला एखादे आवडते माणूस शेजारी चालते, फक्त त्याने प्रश्न विचारायचे नसतात. चेहरा सांभाळून थकलेल्याला मात्र एकांताने पुरेसा आराम पडत नाही. त्याला असे एक माणूस लागते, ज्याच्यासमोर चेहरा सांभाळावा लागत नाही. पुढच्या वेळी घरी आल्यावर "मी अशी का आहे?" असे विचारण्याऐवजी "आज कशाने थकले?" एवढेच विचारून पाहा. दोन-तीन वेळा प्रामाणिकपणे उत्तर दिलेत तर एक नमुना दिसू लागेल. कदाचित असे निघेल की तुम्हाला तीस माणसे चालतात, पण मोठ्याने लावलेले संगीत चालत नाही. किंवा संगीत चालते, पण वर्गातली ती एक व्यक्ती, जिच्यासमोर आपले सगळे ठीक चालले आहे असे दाखवावे लागते, ती चालत नाही. प्रत्येक उत्तराचा उपाय निराळा असेल, आणि बहुतेक उत्तरांमध्ये माणसे तोडण्याची वेळ येणार नाही.

आता त्या दुसऱ्या दिवसाकडे वळते, कारण माझ्या मते तुमचे खरे नुकसान तिथे झाले. तुम्ही दुपारपर्यंत अंथरुणात होतात, पण एकट्या नव्हतात. हातात मोबाइल होता, आणि मला शंका आहे की त्यात आदल्या दिवसाचे फोटो, त्यांखालचे शेरे आणि गटावर येणारे दीडशे संदेशही होते. म्हणजे संमेलन संपले नव्हतेच, ते फक्त उशाशी आले होते. चेहरे, विनोद, कोणाला काय उत्तर द्यावे, कोणाला अंगठ्याचे चिन्ह पाठवायचे राहिले, हे सगळे काम डोके पडल्या पडल्या करत होते. शरीर आडवे आहे म्हणून विश्रांती चालली आहे, असे आपण धरून चालतो. मोबाइल पाहू नये असा उपदेश मी करणार नाही, माझ्याच उशाशी तो असतो. पण गर्दीहून परतल्यानंतरचा पहिला तास तो दुसऱ्या खोलीत ठेवून पाहा आणि गटाचे संदेश सकाळपर्यंत मुके करा. फोटो कुठे पळून जात नाहीत.

या पहिल्या तासात काय करावे? थुय-वी नुयेन, रिचर्ड रायन आणि एडवर्ड डेसी यांनी 2018 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांमध्ये लोकांना 15 मिनिटे एकटे, हातात काही न घेता बसवले होते. त्यानंतर त्यांच्या तीव्र भावना उतरलेल्या आढळल्या: चिडचिड आणि अस्वस्थता तर उतरलीच, पण उत्साह आणि उत्तेजनाही उतरली. मला यातला दुसरा भाग महत्त्वाचा वाटतो. आनंदाची गर्दी असली तरी शरीर ताणलेलेच असते आणि ते खाली यायला थोडा वेळ मागते. तुम्ही न्हाणीघरात नेमके हेच करत होतात. तुमच्या शरीराने योग्य औषध स्वतःच शोधले होते, तुम्ही मात्र त्याला वेडाचे लक्षण समजलात. त्या प्रयोगांमधून आणखी एक गोष्ट पुढे आली: एकटे बसणे आपण आपल्या मर्जीने निवडलेले असेल, तर त्याचा अनुभव अधिक सुखद असतो. दार लावून लपणे आणि "मी अर्धा तास एकटी बसते आहे" असे सांगून बसणे यांत बाहेरून काहीच फरक दिसत नाही, पण आतून बराच असतो.

मात्र नुसते बसणे सगळ्यांना जमत नाही, हेही सांगायला हवे. 2014 मध्ये टिमोथी विल्सन आणि सहकाऱ्यांनी केलेल्या एका प्रयोगात लोकांना 15 मिनिटे स्वतःच्या विचारांसोबत एकटे ठेवले होते आणि हाताशी विजेचा सौम्य झटका देणारे एक बटण होते. 18 पुरुषांपैकी 12 जणांनी आणि 24 स्त्रियांपैकी 6 जणींनी कंटाळून ते स्वतःवर वापरून पाहिले. (पुरुषांच्या आकड्यावर मी काही बोलत नाही.) तेव्हा डोळे मिटून बसल्यावर डोक्यात गलका वाढत असेल, तर हातांना एखादे मुके काम द्यावे. धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे, झाडांना पाणी घालणे, कपाटाचा एक खण आवरणे, ओळखीच्या रस्त्याने वीस मिनिटे चालून येणे. अट एवढीच, की त्या कामाला शब्द लागू नयेत. श्वास मुद्दाम संथ करायचा असेल, तर आत घेतलेल्या श्वासापेक्षा सोडलेला श्वास लांब ठेवावा; मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतल्याने नाडी शांत व्हायला मदत होते. त्याहून फार खोल पाण्यात जाण्याची गरज नाही. आणि आदल्या रात्रीची झोप पुरेशी नसेल, तर यातले काहीच नीट लागू पडत नाही.

पुष्कळ जणींना घरी परतल्यावर आणखी एक त्रास होतो. तुम्ही त्याविषयी लिहिलेले नाही, पण तुम्हालाही तो होत असेल असे वाटते. रात्री अंग टेकले की दिवसभराचे बोलणे उलटे फिरू लागते: ते वाक्य मी कशाला बोलले, तिच्या चेहऱ्यावर काय आले होते, मी जास्तच बडबडले का. 2018 मध्ये एरिका बूथबी आणि सहकाऱ्यांनी अनोळखी माणसांना एकमेकांशी गप्पा मारायला लावून नंतर दोघांनाही विचारले, तेव्हा आपण समोरच्याला जेवढे आवडलो असे लोकांना वाटत होते, त्यापेक्षा ते प्रत्यक्षात जास्त आवडले होते. रात्रीच्या या न्यायालयात आरोपी, वकील आणि न्यायाधीश आपणच असतो आणि साक्षीदार एकही हजर नसतो. त्या वेळी निकाल देऊ नये. फारच छळले, तर ते वाक्य कागदावर लिहून ठेवावे आणि दोन दिवसांनी वाचावे. निम्म्या वेळा ते वाक्य आपल्याला का लागले होते, हेच आठवत नाही.

आता पती. ते तुम्हाला समजून घेत नाहीत, असे तुमच्या पत्रात दोनदा आले आहे, पण तुम्ही त्यांना काय सांगितले, हे एकदाही आलेले नाही. परतीच्या वाटेवर ते विचारतात, "मजा आली ना?" आणि तुम्ही गप्प राहता. त्यांच्या बाजूने पाहा: दिवसभर हसणारी बायको गाडीत बसताच मुकी होते, घरी पोचताच दार लावून घेते आणि दुसऱ्या दिवशी मुलीवर ओरडते. यातून "माझे काहीतरी चुकले" किंवा "हिला माझे मित्र आवडत नाहीत" असेच ते समजणार. थकलेल्या माणसाने थकव्याच्या क्षणी समजावून सांगू नये, तेव्हा शब्द कडू निघतात. एखाद्या निवांत सकाळी सांगा. म्हणा, "मला तिथे खरेच मजा येते. परत येताना माझे बोलणे संपलेले असते. त्या वेळी अर्धा तास आपण गप्प बसू या, नंतर मी सगळे सांगेन." आणि नंतर खरेच सांगा, या सौद्याचा तो दुसरा भाग विसरला, तर पहिला फार दिवस टिकत नाही. कोणाकडे जाण्याआधीच निघण्याची वेळ दोघांत ठरवून टाका. तुमची सोय स्वतंत्र असेल, तर तुम्ही लवकर निघा आणि त्यांना मागे राहू द्या. नवराबायकोने एकत्रच निघावे, असा नियम कोणी केला आहे, मला माहीत नाही.

सुटीच्या दिवसांविषयी बोलताना तुमचे ऑफिस विसरून चालणार नाही. रोज पाच-सहा तास बैठका झाल्यावर शनिवार उगवतो, तेव्हा तुम्ही मुळात ताज्यातवान्या नसताच. व्हिडिओ कॉलच्या थकव्यावर जेरेमी बेलेन्सन यांनी 2021 मध्ये चार कारणे मांडली होती: पडद्यावर सतत जवळून दिसणारे डोळे, स्वतःचा चेहरा पाहत राहणे, जागेवरून हलता न येणे आणि हावभाव समजून घेण्यासाठी लागणारे जादा लक्ष. यांतल्या दुसऱ्या कारणावर उपाय लगेच होऊ शकतो: स्वतःची चौकट लपवून टाका. प्रत्यक्ष भेटीत कोणी आपल्यासमोर दिवसभर आरसा धरून उभे राहत नाही. एका पाठोपाठ एक लागलेल्या दोन बैठकांमध्ये दहा मिनिटे मोकळी मागून घेणे आणि काही बोलणी कॅमेऱ्याशिवाय, चालता चालता फोनवर करणे बहुतेक कार्यालयांत जमू शकते. आठवड्यात एक संध्याकाळ आणि सुटीतला अर्धा दिवस आधीच कोरा राखून ठेवा. 'काही ठरले नाही तर विश्रांती' असे धरले, तर नेहमी काहीतरी ठरतेच.

आपला स्वभाव ओळखून दूर राहावे का, असे तुम्ही विचारता. अंतर्मुख आणि बहिर्मुख हे शब्द मानसशास्त्रात रुजवले ते कार्ल युंग यांनी, 1921 मध्ये, आणि तेव्हापासून लोक ते जातीच्या दाखल्यासारखे वापरत आले आहेत. प्रत्यक्षात बहुतेक माणसे या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतात. आवाज, उजेड, इतरांच्या मनःस्थिती यांचा परिणाम काहींवर अधिक होतो, हेही एलेन आणि आर्थर एरन यांनी 1997 मध्ये एक गुणविशेष म्हणून मांडले आहे. तो आजार नव्हे. अशा शब्दांचा उपयोग स्वतःची सोय करून घेण्यापुरता करावा. त्यांना कुंपण करू नये. दूर राहण्याचा एक तोटा असा की तो सुरुवातीला तोटा वाटत नाही. पहिले आमंत्रण नाकारले की सुटका वाटते, दुसरे नाकारले की सवय होते, आणि काही महिन्यांनी कोणी बोलवेनासे झाले की आपण म्हणतो, पाहा, कोणालाच माझी गरज नाही. जबरदस्तीने मिसळण्याविषयीही माझे मत चांगले नाही. दमलेल्या पायांनी अजून दोन मैल चालल्याने पाय मजबूत होत नाहीत. तुमच्या दोन्ही पर्यायांत भेटींची संख्या मोजली जाते. मला भेटींची रचना बदलावीशी वाटते. दहा जणांच्या दिवसभराच्या बैठकीऐवजी दोघींनी दीड तास चालत गप्पा मारणे, मोठ्या कार्यक्रमात आपणहून एखादे काम अंगावर घेणे, म्हणजे अधूनमधून उठायला कारण मिळते, भिंतीकडे पाठ करून बसणे, म्हणजे आवाज चारही बाजूंनी येत नाही. आवाज पूर्ण बंद न करता कमी करणारे कानातले बोळेही मिळतात, ते फारसे दिसत नाहीत.

कार्यशाळेला जा, असे माझे मत आहे, पण आजच्या तयारीने जाऊ नका. आजाराचे खोटे कारण सांगितलेत, तर तीन दिवस घरी तुम्ही विश्रांती घेणार नाही, पकडले जाण्याची काळजी करत बसाल. त्याऐवजी आयोजकांना आत्ताच लिहा आणि स्वतंत्र खोली मागा. कारणही खरे द्या: झोप सावध आहे, रात्री शांतता लागते. यापेक्षा जास्त खुलासा कोणाला देणे लागत नाही. कार्यक्रमपत्रिका मागवून घ्या आणि प्रत्येक दिवशी एक सत्र किंवा एक संध्याकाळची बैठक अशी निवडा, जिथे तुम्ही नसलात तरी चालेल. दुपारच्या सुटीतली वीस मिनिटे खोलीवर जाऊन पडदे ओढून बसा; संध्याकाळी कोसळल्यावर दोन तास घेण्यापेक्षा ही वीस मिनिटे अधिक कामाची, कारण थकवा उशिरा पोचतो हे आता तुम्हाला माहीत आहे. गटातून उठताना "जरा पाय मोकळे करून येते" एवढे वाक्य पुरते. मी एकदा अशाच एका कार्यशाळेत स्वच्छतागृहात पंधरा मिनिटे काढली आणि बाहेर आले, तर आणखी एक बाई हात धुण्याच्या बेसिनपाशी नळ न सोडता उभी होती. आम्ही एकमेकींकडे पाहून हसलो, काही बोललो नाही. तीन दिवसांतली माझी सर्वांत चांगली ओळख तीच. परतल्यानंतरचा दिवस शक्य असेल तर रजेचा ठेवा आणि त्या दिवशी कोणाला बोलावू नका.

डॉक्टरांकडे कधी जावे, तेही सांगते. भेटीच्या आधी कित्येक दिवस धडकी भरत असेल, छाती धडधडत असेल आणि लोक आपल्याला हसतील ही भीती मुख्य असेल, तर तो थकवा नसून सामाजिक चिंता असू शकते आणि तिच्यावर चांगले उपचार आहेत. आवडत्या गोष्टींतलाही रस दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला असेल, तर नैराश्याची शक्यता तपासून घ्यावी. गोंगाटात शब्द नीट कळत नसतील, लोकांच्या ओठांकडे पाहावे लागत असेल, तर आधी कान तपासा. हा सारा त्रास गेल्या काही महिन्यांतच सुरू झाला असेल, तर रक्तातले हिमोग्लोबिन आणि थायरॉइड पाहणे शहाणपणाचे. आणि लहानपणापासून आवाज, उजेड, कपड्यांची शिवण असह्य होत आली असेल, माणसांत कसे वागावे हे पाहून पाहून पाठ करावे लागले असेल, तर ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणे आणि स्थिर राहणे अवघड जाणारी अवस्था) यांचा विचार करणाऱ्या तज्ज्ञाला भेटावे. अनेक स्त्रियांच्या बाबतीत हे मोठेपणीच लक्षात येते. तुमच्या पत्रात यांतली कोणतीच खूण मला ठळकपणे दिसली नाही, पण हे सदर वाचणाऱ्या कोणाला तरी दिसेल.

राहिली मुलगी. तिच्यावर ओरडल्याचा अपराध तुम्ही पत्राच्या शेवटी, जागा उरली नसताना, समासात लिहिला आहे, त्यावरून तो तुम्हाला सर्वांत जास्त बोचतो आहे असे दिसते. सात वर्षांच्या मुलीला "आईचे कान दमले आहेत" हे वाक्य नीट समजते. तिला सांगा की त्या दिवशी ओरडणे चुकले, चित्रात काहीच चूक नव्हती. दोघी मिळून एक खूण ठरवा, दाराच्या कडीला अडकवलेला एखादा रंगीत रुमाल चालेल. तो असेपर्यंत आईला हाक मारायची नाही आणि आईने तो अर्ध्या तासात न विसरता काढायचा. तिच्यासाठीही एक रुमाल ठेवा. तोही कधीतरी दाराला दिसेल. आणि ते चित्र अजून घरात कुठेतरी असेल, तर आज मागून घ्या.